आधी बादली मोजा, मग वर्गणी मागा

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील गिर्यारोहकांचा एक ऑनलाइन समूह आहे आणि त्यात सुमारे १,१०० सदस्य आहेत. एप्रिलमध्ये मोखाडा तालुक्यातून जाताना त्यांच्यापैकी काहींनी एका पाड्याखालच्या ओढ्यात बायका खड्ड्याशी बसून वाटी-वाटीने हंडा भरताना पाहिल्या. फोटो समूहावर आले, सर्वांना वाईट वाटले, आणि आता प्रश्नकर्त्यांना ६ लाख रुपये जमवून त्या पाड्यावर बोअर मारून द्यायचा आहे. लोकांना देण्यासाठी कसे प्रवृत्त करावे, पैसे कोणत्या खात्यात घ्यावेत आणि परदेशातील सदस्यांचे पैसे चालतील का, असे त्यांनी विचारले आहे.

मी भूजलाच्या कामात २६ वर्षे आहे. सुरुवातीची वर्षे सरकारी योजनांच्या सर्वेक्षणात गेली आणि नंतरची बरीचशी तुमच्यासारख्या, फोनवर जमलेल्या गटांबरोबर गेली. तुमच्या प्रश्नात पैसे हीच मुख्य अडचण धरलेली आहे. माझा अनुभव निराळा आहे. चांगल्या मनाच्या हजार माणसांच्या समूहाकडून काही लाख रुपये उभे राहतात. त्याला कष्ट पडतात, पण ते जमते. अवघड प्रश्न त्याच्या आधीचा आहे: त्या पाड्यावर २० मेच्या सुमारास किती माणसांना, कोणत्या स्रोतातून, दररोज किती लिटर पाणी मिळणार आहे, आणि आजपासून पाच वर्षांनी त्या टाकीचा व्हॉल्व्ह सकाळी कोण उघडणार आहे? याचे उत्तर हाती नसताना तुम्ही लोकांकडे बोअरसाठी पैसे मागत असता, पाण्यासाठी नव्हे. तुमचा ६ लाखांचा आकडाही, तुम्ही लिहिल्याप्रमाणे, बोअरवाल्याने फोनवर सांगितलेला आहे. त्याने पाडा पाहिलेला नाही.

मोखाडा, जव्हार, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यात पाऊस भरपूर पडतो. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे. तरीही मार्चपासून पाड्यांवर टँकर सुरू होतात. त्याचे कारण पायाखालच्या खडकात आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला बेसाल्ट आहे. त्याच्या घट्ट थरात पाणी जवळजवळ शिरत नाही. ते साठते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगांमध्ये, आणि बारीक पोकळ्या असलेल्या मांजऱ्या खडकात. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा चिकट पट्टा असतो. वरून मुरलेले पाणी त्याच्यावर अडते आणि डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. उतार तीव्र असल्यामुळे पावसाचे बहुतेक पाणी चार महिन्यांतच वाहून जाते, आणि मुरलेले थोडे पाणी फेब्रुवारीनंतर झपाट्याने उतरते. म्हणून या भागात नोव्हेंबरमधल्या पाण्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही.

हे मी फार महाग किमतीला शिकले आहे. काही वर्षांपूर्वी एका पाड्यासाठी असाच एक समूह पुढे आला होता. त्यांच्याकडे पैसे दिवाळीपूर्वीच जमले होते आणि काम लवकर व्हावे अशी सर्वांची इच्छा होती. मी नोव्हेंबरमध्ये जागा दाखवली आणि ११० फुटांवर दोन इंची पाणी लागले. पाण्याचा फवारा उडाला, मुले भिजली, त्याचे चित्रण समूहावर गेले आणि अभिनंदनाचा पाऊस पडला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पंप हवा ओढू लागला. तांबड्या पट्ट्यावर अडून राहिलेले तेवढेच पाणी आम्ही दोन-तीन महिन्यांत उपसून संपवले होते. जागा मी दाखवलेली होती आणि उन्हाळ्याची मोजणी झाल्याशिवाय ती दाखवायला नको होती. त्याहून जास्त वेदना देणारी गोष्ट पुढची आहे. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या आजींनी मला वर चढून एक झरा दाखवला आणि म्हणाल्या, ‘बाई, हा कधी आटत नाही. तुम्ही कुणी विचारलंच नाही.’ तोपर्यंत समूहातले पैसे संपले होते आणि समूहही शांत झाला होता.

तेव्हा तुमचे पहिले काम मोजणीचे आहे आणि सुदैवाने आता मे सुरू असल्यामुळे ते करण्याची हीच वेळ आहे. पाऊस येण्यापूर्वी तुमच्यातले दोघे-तिघे जण १५ लिटरची बादली आणि सेकंद दाखवणारे घड्याळ घेऊन पाड्यावर जा. फोटोतला खड्डा सोडून आजूबाजूला आणखी कोणते झरे, कोणते डवरे (ओढ्यात खणलेले पाण्याचे खड्डे), कोणत्या विहिरी आहेत, हे पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा. पुरुषांना विचारलेत तर बहुधा बोअरची जागा सांगतील. कोणता झरा कोणत्या महिन्यात किती वेळ थांबायला लावतो, हे बायकांना ठाऊक असते. झऱ्याच्या तोंडाशी मातीचा छोटा बांध घालून, त्यात पाइपाचा तुकडा बसवून सगळे पाणी त्यातून येऊ द्या, आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीन वेळा मोजा.

समजा, बादली ७५ सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला ०.२ लिटर, तासाला ७२० लिटर आणि २४ तासांत १७,२८० लिटर. घरोघरी नळ देण्याच्या सरकारी जल जीवन मिशनचा निकष माणशी दररोज ५५ लिटरचा आहे. पाड्यावर ३०० माणसे असतील तर गरज १६,५०० लिटरची होते. म्हणजे ज्या बारीक धारेकडे पाहून तुमच्या सदस्यांना ‘इथे पाणीच नाही’ असे वाटले असेल, ती धार त्या पाड्याला मे महिन्यातही जेमतेम पुरते. मग बायका खड्ड्याशी ताटकळत का बसतात? कारण रात्रभर वाहणारे पाणी साठवायला काहीच नाही. रात्री ९ ते सकाळी ७ या दहा तासांत ७,२०० लिटर पाणी ओढ्यात निघून जाते. अशा ठिकाणी बोअर हे उत्तरच नसते. झऱ्याच्या तोंडाशी बांधलेली बंदिस्त कुंडी, तिथून पाइप आणि पाड्याजवळ १०,००० लिटरची टाकी, एवढ्यात प्रश्न सुटू शकतो. उलट बादली भरायला पाच मिनिटे लागत असतील, तर दिवसाला ४,३२० लिटर मिळतील आणि तुम्हाला दुसरा स्रोत शोधावाच लागेल. सेकंदांचा हा एक आकडा तुमचे सगळे अंदाजपत्रक बदलतो.

त्यानंतरचा प्रश्न उंचीचा आहे. झरा पाड्याच्या वर असेल तर पाणी उताराने येते आणि वर्षानुवर्षे येत राहते. तो खाली असेल तर पंप आला, आणि पंपाबरोबर वीजबिल आले. ग्रामपंचायतीने बिल भरले नाही म्हणून जोडणी तोडलेल्या कितीतरी योजना मी पाहिल्या आहेत. सौरपंपाने बिलाचा प्रश्न मिटतो, पण पॅनेल पुसणे, त्यांची राखण करणे आणि पंप बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावातून आणणे, हे राहतेच. झरा नसेलच तर बोअरचा विचार जरूर करा, पण जागा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्या. हातावर नारळ ठेवून जागा दाखवणाऱ्या पाणाड्याच्या भरवशावर दुसऱ्याच्या वर्गणीचे पैसे जमिनीत घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘स्वच्छ’ या शब्दाविषयीही थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण समूहात कुणीतरी आरओ यंत्राची सूचना करणारच. पाणी कशामुळे अशुद्ध आहे यावर उपाय ठरतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात क्षार जास्त आहेत. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड आहे, आणि ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की दातांवर आणि पुढे हाडांवर परिणाम करते. तिथे शुद्धीकरणाची यंत्रणा लागते. सह्याद्रीतल्या झऱ्याच्या पाण्यात असे रासायनिक दोष सहसा नसतात. धोका असतो तो उघड्या खड्ड्यात गुरांच्या आणि माणसांच्या मैल्यातून येणाऱ्या जंतूंचा. झऱ्याचे तोंड बंदिस्त केले, वरच्या बाजूने पावसाचे पाणी वळवायला चर खणला, गुरे दूर ठेवली आणि टाकीत रोज टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकली, तर पाणी पिण्यायोग्य राहते. प्रमाण साधारण १,००० लिटरला ५ ग्रॅम असते. १६,५०० लिटरला रोज सुमारे ८३ ग्रॅम, म्हणजे महिन्याला अडीच किलो. अर्ध्या तासानंतर नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे आणि ते तपासण्याची ओटी चाचणी (पाण्याच्या रंगावरून क्लोरीन दाखवणारी) ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला येत असते. पावडरचा खर्च अगदी किरकोळ आहे. ती दमट हवेत उघडी ठेवली तर निकामी होते आणि रोज टाकणारा माणूस नसेल तर तिचा काहीच उपयोग नाही. आरओ यंत्र येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा फेकून देते. जिथे मे महिन्यात धार मोजून घ्यावी लागते तिथे ते बसवणे मला पटत नाही. अर्थात, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय माझ्याही शब्दावर विसंबू नका. रासायनिक तपासणी एकदा आणि जंतूंची तपासणी पावसाळ्याच्या आधी व नंतर, एवढे कराच.

मोजणी हाती आली की ग्रामपंचायतीत जा. तिथे तीन गोष्टी विचारायच्या. तो पाडा जल जीवन मिशनच्या मंजूर आराखड्यात आहे का? असेल तर टाकी आणि नळ कदाचित झालेले असतील, आणि नसेल ते फक्त पाणी. मग तुमचे पैसे स्रोत बळकट करायला वापरता येतील. दुसरे, झरा, पाइपाची वाट आणि टाकी कोणाच्या जमिनीवर येते? खासगी जमीन असेल तर तोंडी ‘बांधा की’ यावर थांबू नका. ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्र करून घ्या. जमीनमालकाची पुढची पिढी टाकीला कुलूप लावते तेव्हा पाड्यावर कायमचे वैर होते. तिसरे, वनजमीन लागते का? या भागात ती बहुधा लागते. वनहक्क कायदा, २००६ मध्ये पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आणि पाइपलाइन यांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वापरायला देण्याची तरतूद आहे. अर्ज वेळेत केला तर परवानगी मिळते. न विचारता पाइप टाकला तर वनरक्षक तो उचलून नेतो, आणि त्याची त्यात चूक नसते.

मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. तिथे पेसा कायद्यामुळे (आदिवासी भागांतील ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेच्या निर्णयाला वजन आहे आणि ग्रामपंचायतींना पेसाचा ५ टक्के अबंध निधीही, म्हणजे ग्रामसभेने ठरवून खर्चायचा पैसा, मिळतो. ‘आम्ही एवढे आणतो, तुम्ही यातून एवढे घाला’ असे म्हणता येते, आणि ते म्हणावे. योजना आपली आहे हे त्यातून ठरते. काम झाल्यावर ती ग्रामपंचायतीकडे कशी सोपवायची आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत त्या पाड्यावरच्या कोणत्या बायका असतील, हेही त्याच ठरावात लिहून घ्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. समूहाला एकत्र कसे आणायचे? माझ्या मते, पहिली हाक पैशांची नसावी. पहिली हाक कामाची द्या: कोण मोजणीला येईल, कोण स्थापत्य अभियंता आहे, कोण सनदी लेखापाल आहे, कोणाला सातबारा नीट वाचता येतो, कोणाचे माहेर किंवा आजोळ त्या भागात आहे. अकराशे माणसांत हे सगळे सापडते. या दहा-बारा जणांनी एकदा त्या पाड्यावर जाऊन भाकरी खाल्ली की पुढे ते इतरांशी बोलतात ते निराळ्या खात्रीने बोलतात, आणि समूह विश्वास ठेवतो तो या खात्रीवर. नाशिकमध्ये प्रमोद गायकवाड यांच्या सोशल नेटवर्किंग फोरमने समाजमाध्यमांतून जोडलेल्या लोकांच्या बळावर त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतल्या अनेक आदिवासी पाड्यांवर पाणी नेले. तुमच्या प्रश्नाला इतके जवळचे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. त्यांचे काम झालेल्या एखाद्या पाड्यावर जाऊन या.

मोजणी, नमुन्याचा अहवाल, ग्रामसभेचा ठराव आणि बाबवार अंदाजपत्रक हाती आल्यावर आवाहन लिहा. त्यात ‘पाण्यासाठी मदत करा’ एवढेच न लिहिता झऱ्याची कुंडी, पाइप, टाकी, नळकोंडाळी, मजुरी, तपासणी आणि पाच वर्षांच्या दुरुस्तीची ठेव, असे आकडे वेगवेगळे मांडा. दुरुस्तीची ठेव लोकांना आधी खटकते. ती का हवी हे समजावून सांगा, पण ती वगळू नका. सदस्यसंख्येला सरासरी वर्गणीने गुणून उद्दिष्ट काढू नका, कारण सहानुभूती दाखवणारे आणि देणारे यांच्या संख्येत फार अंतर असते. आवाहन सुरू करण्यापूर्वीच पंधरा-वीस जणांकडून रक्कम पक्की करून घ्या, म्हणजे पहिल्याच दिवशी यादी रिकामी दिसत नाही. रक्कम पूर्ण झाली की वर्गणी थांबवायची, जास्तीचे पैसे आले तर कशावर खर्च करायचे आणि स्रोत अयशस्वी ठरला तर उरलेले पैसे परत द्यायचे की दुसऱ्या स्रोताकडे वळवायचे, हे तिन्ही पहिल्याच आवाहनात लिहा. आमच्या त्या कोरड्या बोअरच्या वेळी यातले काहीच लिहिलेले नव्हते, आणि बातमी कशी सांगायची या संकोचात आम्ही महिनाभर गप्प बसलो. लोकांनी अपयश समजून घेतले असते. त्या मौनाने मात्र त्यांचा विश्वास गेला.

फोटोंविषयी एक विनंती आहे. वाकून वाटीने पाणी भरणाऱ्या ज्या बाईचा फोटो समूहावर फिरतो आहे, तिला तो विचारून काढलेला नाही असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. तो काढून टाका. तिच्याकडे परत जा, तिला काय हवे आहे ते विचारा आणि ती हो म्हणाली तर तिच्या शब्दांसह तिचा फोटो लावा. ती या कामात तुमची सहकारी आहे. झऱ्याचा, बादलीचा आणि मोजणीच्या वहीचा फोटोही पैसे उभे करतो, असा माझा अनुभव आहे.

खात्याच्या बाबतीत कोणाच्याही व्यक्तिगत यूपीआय क्रमांकावर पैसे घेऊ नका, मग तो माणूस कितीही सचोटीचा असो. त्यातून कराचे प्रश्न येतात, बँक चौकशी करते, आणि चांगल्या माणसावर विनाकारण संशय येतो. सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायला महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचे नियम लागू होतात. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी परवानगी घेतात ती याच नियमांखाली. तुमच्या आकाराच्या कामासाठी नवीन संस्था काढण्यापेक्षा त्या तालुक्यात आधीपासून काम करणाऱ्या नोंदणीकृत न्यासाशी लेखी करार करणे सोपे पडते. वेगळे खाते किंवा किमान वेगळी खतावणी, दोन सह्या आणि दर पंधरा दिवसांनी समूहावर खात्याचा उतारा, एवढ्या अटी घाला. त्या न्यासाकडे ‘८०-जी’ म्हणून ओळखली जाणारी मान्यता असेल तर देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत मिळू शकते. ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

परदेशातील सदस्यांच्या बाबतीत पासपोर्ट कोणता हे महत्त्वाचे आहे. दुबईत किंवा अमेरिकेत राहणारा, पण भारतीय नागरिक असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देतो ते परकीय योगदान ठरत नाही. ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, त्यांचे पैसे परकीय योगदान ठरतात. ते परकीय योगदान विनियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात घेता येतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणून तुमच्या न्यासाकडे ती नोंदणी किंवा परवानगी नसेल तर अशा सदस्यांचे पैसे घेऊच नका. नात्यातल्या कुणाच्या खात्यातून फिरवून घेण्याचा सल्ला समूहात कुणीतरी देईल; तो मानू नका. त्यांच्याकडून दुसरे काही घ्या: एका सदस्याने परदेशात बसून आमची पाइपलाइनची सगळी गणिते करून दिली होती.

कामाच्या वेळेबद्दल: ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत व्हावा, आवाहन गणपतीपासून दिवाळीपर्यंत चालावे आणि काम भात निघाल्यावर लगेच सुरू व्हावे. उशीर केलात तर पाडा रिकामा झालेला असेल, कारण दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पुष्कळ समूह ‘गावकऱ्यांनी श्रमदान करावे’ अशी अट घालतात. आपखुशीने होणाऱ्या श्रमदानाचे मोल मी जाणते, पण ज्या घराचा दिवस मजुरीवर चालतो त्याच्याकडे आठ दिवसांचे फुकट खोदकाम मागणे मला न्याय्य वाटत नाही. चर खणण्याची मजुरी अंदाजपत्रकात धरा आणि ती पाड्यावरच्याच लोकांना द्या. पाणीपट्टीही याच हिशेबाने ठरवावी लागते. ६० घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तर ३,००० रुपये होतात. त्यातून व्हॉल्व्ह आणि पावडर पाहणाऱ्याचे मानधन आणि किरकोळ दुरुस्ती निघते. मात्र दरमहा वसुली होणार नाही. भात विकल्यावर एकदा आणि भट्टीवरून परतल्यावर एकदा, अशी सहामाही वसुली ठेवली तर होते.

देखभालीचे महत्त्व या राज्याने फार पूर्वी ओळखले आहे. १९७० च्या दशकापूर्वी गावोगावी बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते. अख्ख्या गावाने दिवसभर हापसल्यावर ते मोडत. सोलापुरात आणि जालन्यात त्यावर खटपट करणाऱ्यांनी मजबूत पंप बनवले, आणि त्यातल्या सोलापूर पंपावरून पुढे देशभर पसरलेला ‘इंडिया मार्क २’ घडला. आजही तो बंद पडतो तो बहुतेकदा आतल्या वॉशरमुळे. वॉशर स्वस्त असतो. तो बदलणारा माणूस आणि त्याला बोलावणारी व्यवस्था मिळत नाही.

म्हणून तुमच्या समूहाकडून मला पैशांपेक्षाही जास्त हवी आहे ती पाच वर्षांची हजेरी. एका पाड्यावर आम्ही हे फार साधेपणाने केले. तिथली दहावीतली एक मुलगी दर सोमवारी शाळेत जाण्यापूर्वी झऱ्याच्या कुंडीत येणाऱ्या पाइपाखाली बादली धरते, सेकंद मोजते, वहीत लिहिते आणि तो आकडा देणगीदारांच्या समूहावर टाकते. ‘आज ४१.’ ‘आज ५८.’ ज्यांनी ५०० रुपये दिले होते तीही माणसे आता मार्चमध्ये त्या आकड्याची वाट पाहतात. गेल्या वर्षी तो अचानक ५८ वरून ११० वर गेला तेव्हा समूहातल्याच एका अभियंत्याने त्याच दिवशी फोन करून कुंडीची जाळी तपासायला सांगितली. पालापाचोळ्याने ती गच्च भरली होती. दुरुस्तीसाठी एक रुपयाही लागला नाही. त्या मुलीला या कामाचे मानधन दुरुस्तीच्या ठेवीतून दिले जाते, आणि ती बारावीनंतर शिकायला गेली तर वही कोणाकडे द्यायची हे समितीने आत्ताच ठरवले आहे.

तुम्ही लिहिले आहे की पुढच्या रविवारी तुमच्यातले चौघे त्याच वाटेने जाणार आहेत. १५ लिटरची बादली, पाइपाचा हातभर तुकडा आणि घड्याळ बरोबर न्या. पाड्यावर किती घरे आणि किती माणसे आहेत, झरा पाड्याच्या वर आहे की खाली, आणि बादली किती सेकंदांत भरली, एवढ्या तीन गोष्टी इथे लिहा. झऱ्यापासून पाड्यापर्यंतची उंची फोनवर दिसते तशी लिहिली तरी चालेल. त्यावरून टाकी किती मोठी, पाइप किती इंची आणि पंप लागतो की नाही, हे मी इथेच मांडून देईन.